प्लगइनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या छोट्याशा स्टुडिओत येणारे अर्धे फोन गाण्याबद्दल नसतातच. "अपडेट केलं आणि सेशन उघडेना", "कालचा मिक्स आज वेगळा वाजतोय", "यादीत एकच रिव्हर्ब तीनदा दिसतोय, कुठला घेऊ?" तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाची लिहून काढली. उदाहरणं बहुतेक विंडोज आणि रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण रोजचा हात त्यावर बसलाय. मॅक किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला खाली 'डॉ' म्हटलंय. धंद्यात सगळे तसंच म्हणतात, डॉक्टरमंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. त्या डॉला जोडायचं वाद्याचं किंवा इफेक्टचं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे प्लगइन, आणि सेशन म्हणजे गाण्याची प्रोजेक्ट फाइल.

एकाच प्लगइनच्या दोन आवृत्त्या एका मशीनवर सुखाने नांदतात का?

ते तुमच्या हातात नाही, प्लगइन बनवणाऱ्याने काय ठरवलं त्यावर आहे.

आकडा नावातच असेल, तर बहुतेक वेळा नांदतात. फॅबफिल्टरचा प्रो-क्यू २, प्रो-क्यू ३ आणि प्रो-क्यू ४ हे डॉच्या दृष्टीने तीन वेगळे प्लगइन आहेत. चौथा टाकला म्हणून तिसरा जात नाही, आणि तिसऱ्यावर केलेलं गाणं तिसराच उघडतं. काँटॅक्ट ६, ७ आणि ८ यांचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये आलेला सीरम २ सुद्धा पहिल्या सीरमच्या शेजारी वेगळा बसतो.

आकडा शेपटीला असेल, म्हणजे २.१ चं २.२ झालं असेल, तर नवीन फाइल जुन्या फाइलच्या डोक्यावर बसते. जुनी गेली. डॉला काही कळत नाही, कारण त्याच्या लेखी प्लगइन तोच आहे.

'तोच' हे डॉ कशावरून ठरवतो? नावावरून नाही. प्रत्येक प्लगइनच्या पोटात एक ओळखक्रमांक असतो. व्हीएसटी२ या प्लगइनच्या जुन्या स्वरूपात तो चार अक्षरांचा, व्हीएसटी३ या नव्या स्वरूपात १२८ बिटांचा, आणि मॅकच्या एयू स्वरूपात प्रकार, उपप्रकार आणि निर्माता अशा चार-चार अक्षरांच्या तीन खुणा मिळून. गल्लीत तीन संतोष असले तरी पोस्टमन घर नंबर बघून पत्र टाकतो, तसंच हे. कंपनीने नंबर बदलला तर नवीन बिऱ्हाड, नाही बदलला तर त्याच घरात नवीन माणूस.

एकच प्लगइन यादीत तीनदा दिसतो. ह्या तीन आवृत्त्या आहेत का?

नाही. एकाच आवृत्तीचे ते तीन पोशाख आहेत. इन्स्टॉलरने विचारलं, "व्हीएसटी२, व्हीएसटी३, क्लॅप, काय काय टाकू?" आणि आपण न वाचता 'नेक्स्ट' दाबलं, त्याचं हे फळ.

थोडा इतिहास इथे कामाचा आहे. स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं १९९६ साली. व्हीएसटी३ आलं २००८ मध्ये, पण जग पुढची दहा वर्षं व्हीएसटी२ वरच काढत होतं. २०१८ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी२ साठी नवे परवाने देणं थांबवलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं की २४ महिन्यांत आपल्या सगळ्या सॉफ्टवेअरमधून व्हीएसटी२ चा आधार काढणार. त्याच वर्षी जूनमध्ये बिटविग आणि यू-ही यांनी क्लॅप नावाचं खुलं स्वरूप आणलं. एएएक्स फक्त प्रो टूल्सवाल्यांसाठी, एयू फक्त मॅकवाल्यांसाठी.

नवीन गाण्याला व्हीएसटी३ घ्या. पण म्हणून जुनी व्हीएसटी२ फाइल लगेच पुसू नका. २०१६ च्या गाण्याला तीच लागते, आणि त्या गाण्याचा मालक नेमका तुम्ही पुसल्यानंतरच्या आठवड्यात फोन करतो. काही डॉ व्हीएसटी२ च्या जागी व्हीएसटी३ आपसूक बसवतात. क्युबेस बसवतो, पण प्लगइनवाल्याने आत तशी सोय केली असेल तरच. त्यावर विसंबून सफाई करायची असेल, तर आधी सगळ्यात जुन्या सेशनची प्रत उघडून बघा.

काम चालू असताना अपडेट करावं का?

नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

काही वर्षांपूर्वी श्रावणात एका आरतीसंग्रहाचं काम होतं. आठ गाणी, गणपतीच्या आठ दिवस आधी द्यायची. सहा मिक्स होऊन पसंत झाली होती. रात्री उशिरा एका कंपनीच्या अपडेट करणाऱ्या अॅपने खिडकी दाखवली आणि मी झोपेत 'सगळं अपडेट करा' दाबलं. त्यात गायकाच्या ट्रॅकवरचा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाची चढउतार आवरणारा प्लगइन, होता.

दुसऱ्या दिवशी गायक आला. तिसऱ्या गाण्यात 'विघ्नहर्ता'मधला 'घ्न' नीट लागला नाही, तेवढा एक शब्द परत गायचा होता. पाच मिनिटांचं काम. शब्द बसवला, गाणं पुन्हा रेंडर केलं, म्हणजे ऑडिओ फाइलमध्ये उतरवलं, आणि पाठवलं. संध्याकाळी निर्मात्याचा फोन: "शब्द छान झालाय, पण आधी आवाज पुढे होता, आता मागे गेल्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, मनाचे खेळ. मग दोन्ही फाइल एकाखाली एक ठेवल्या आणि गप्प बसलो. नवीन आवृत्तीत कॉम्प्रेसर आवाज कसा मोजतो तेच बदललं होतं. अपडेटसोबतच्या टिपेत एका ओळीत तसं लिहिलंही होतं, सुधारणा म्हणून. सुधारणा असेलही. पण मी सगळे आकडे जुन्या वागण्यावर लावले होते.

जुना इन्स्टॉलर माझ्याकडे नव्हता. कंपनीच्या पानावर फक्त नवा. शेवटी सांगलीतल्या एका मित्राच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये सापडला, तोही त्याने कधी सफाई केली नाही म्हणून. दोन रात्री गेल्या.

तेव्हापासून मिक्सवर सही होईपर्यंत त्या गाण्यात असलेला एकही प्लगइन मी हलवत नाही. तबल्याची जोडी, गायकाचा माइक, तशीच प्लगइनची आवृत्ती. ती त्या गाण्याचाच भाग झालेली असते. अपडेट करणाऱ्या अॅपचं आपोआप चालू होणं बंद केलंय, आणि अपडेटचा दिवस दोन कामांच्या मधला.

जुनं गाणं खरंच वेगळं वाजतंय की मला भास होतोय?

कानांवर सोडू नका, वजाबाकी करा. अपडेटच्या आधी त्या गाण्यातला एक मिनिटभराचा तुकडा रेंडर करून ठेवा, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, डिदर (रेंडर करताना मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर) बंद. अपडेटनंतर तोच तुकडा पुन्हा रेंडर करा. एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही फाइल दोन ट्रॅकवर, सुरुवात बरोबर शून्यावर, दोन्हींची पातळी सारखी. आता एका ट्रॅकचं फेज उलटं करा. रीपरमध्ये ट्रॅकवर तिरप्या रेघेने कापलेल्या गोलाचं बटण असतं ते. प्ले दाबा.

मास्टरचा मीटर मेल्यासारखा पडला असेल, तर दोन्ही फाइल एकच आहेत आणि तुम्हाला चहाची गरज आहे. उणे ९० डेसिबलच्या खाली काहीतरी खुसपुसत असेल तर सोडून द्या. उणे ४० च्या आसपास गाण्याची सावली ऐकू येत असेल, तर वागणं बदललंय.

दोन ठिकाणी लोक इथे फसतात. एक, काही प्लगइन मुळातच दरवेळी थोडे वेगळे वाजतात: कोरस, हलणाऱ्या शेपटीचे रिव्हर्ब, टेपचा खरखराट, दर ठोक्याला वेगळा सॅम्पल काढणारे ढोल. ते स्वतःशीसुद्धा वजा होत नाहीत. म्हणून आधी जुन्याच आवृत्तीचे दोन रेंडर एकमेकांतून वजा करून बघा. दोन, नव्या आवृत्तीने विलंब बदलला असेल आणि फाइल एका सॅम्पलने जरी सरकली, तरी झांजेची आणि 'स'ची सळसळ उरते. सॅम्पलपर्यंत झूम करून एक फाइल सरकवा आणि पुन्हा ऐका. सळसळ गेली तर आवाज तोच आहे, फक्त उशीर बदललाय.

इन्स्टॉलर कुठे आणि कसे ठेवायचे?

काही कंपन्या खात्याच्या पानावर जुन्या आवृत्त्या ठेवतात, काही चालू आवृत्तीच देतात, आणि काही कंपन्याच उरत नाहीत. म्हणून स्वतःची कपाटं स्वतः भरा.

माझ्याकडे बाहेरच्या डिस्कवर एक फोल्डर आहे. आत कंपनीचं नाव, त्यात प्लगइनचं, त्यात आवृत्तीचा आकडा आणि डाउनलोडची तारीख. आकडा मुद्दाम हाताने लिहावा लागतो, कारण बऱ्याच इन्स्टॉलरचं नाव नुसतं 'सेटअप' असतं आणि तीन वर्षांनी असे अकरा 'सेटअप' समोर हात जोडून उभे राहतात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: सीरियल कुठल्या ईमेलवर आहे, परवाना आयलॉक ह्या परवाने सांभाळणाऱ्या सेवेवर आहे की कंपनीच्या खात्यात, किती मशीनवर चालतो. सॅम्पल लायब्ररी ह्यात ठेवत नाही, त्या शेकडो जीबी खातात. फक्त त्या वाजवणारा प्लगइन ठेवतो.

परवान्याचं मात्र लक्षात असू द्या: इन्स्टॉलर आहे म्हणजे प्लगइन चालेलच असं नाही. स्टाइनबर्गची परवाने देणारी ई-लायसन्सर सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. डोंगलमध्ये, म्हणजे यूएसबीला लावायच्या परवान्याच्या किल्लीत, जे परवाने आधीच होते ते चालतात, पण नव्याने काही चढवता येत नाही.

फाइलचं नाव बदलून दोन आवृत्त्या ठेवल्या तर?

व्हीएसटी२ च्या काळात हा जुगाड सर्रास चालायचा. जुन्या डीएलएल फाइलच्या नावापुढे 'जुना' लिहायचं, नवी टाकायची, काही डॉ दोन्ही दाखवायचे. व्हीएसटी३ मध्ये नाव बदलून आतला ओळखक्रमांक बदलत नाही, त्यामुळे डॉ दोघांपैकी एकालाच ओळख देतो. कोणाला, ते तुम्ही ठरवत नाही.

खरंच दोन्ही लागत असतील, तर डॉच दोन करा. रीपरच्या इन्स्टॉलरमध्ये 'पोर्टेबल इन्स्टॉल' अशी खूण असते. ती करून वेगळ्या फोल्डरमध्ये दुसरा रीपर टाकायचा. त्याच्या सेटिंग, त्याची प्लगइनची यादी, सगळं त्याच फोल्डरात राहतं, नेहमीच्या रीपरला धक्का लागत नाही. मग प्रेफरन्सेसमध्ये प्लगइनच्या वाटा लिहिलेल्या असतात तिथे नेहमीच्या वाटा पुसून फक्त जुन्या फाइलच्या फोल्डरची वाट द्यायची. जुन्या गाण्यांसाठी जुना रीपर.

सगळे प्लगइन इतके साधे नसतात हेही सांगतो. काही जण आपले प्रीसेट, चित्रं, परवान्याची फाइल एका ठरावीक फोल्डरात ठेवतात आणि तो दोन्ही आवृत्त्यांना सामाईक असतो. तिथे हा डाव फसतो, कधी कधी दोघेही रुसतात.

'प्लगइन सापडला नाही' असं येतंय. काय करू?

सगळ्यात आधी: सेव्ह करू नका. निदान त्याच नावाने तर नाहीच. प्रत करा आणि प्रतीवर प्रयोग करा. रीपर हरवलेल्या प्लगइनच्या सेटिंग प्रोजेक्टमध्ये जपून ठेवतो आणि प्लगइन परत आला की लावतो. पण घाबरून तुम्ही ती रिकामी जागा पुसून टाकलीत, तर सेटिंगही गेल्या.

मग कारण शोधा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक निघतं: प्रोजेक्ट व्हीएसटी२ मागतंय आणि मशीनवर फक्त व्हीएसटी३ आहे, प्लगइन ३२ बिटचा होता, फाइल आहे पण अशा फोल्डरात जो डॉ बघतच नाही, किंवा कंपनीने मोठ्या आवृत्तीत ओळखक्रमांकच बदलला.

रीपरवाल्यांची इथे मजा आहे. त्याची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट असते. प्रत घ्या, नोटपॅडमध्ये उघडा आणि 'व्हीएसटी' ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा. सापडलेल्या ओळीत अवतरणचिन्हांत प्लगइनचं नाव दिसतं, पुढे फाइलचं नाव, त्यापुढे क्रमांक. नावाआधी 'व्हीएसटी' आहे की 'व्हीएसटी३', यावरूनच निम्मं निदान होतं. त्याखालची अगम्य अक्षरांची भिंत म्हणजे तुमच्या सेटिंग. तिला हात लावायचा नाही.

प्रोजेक्ट उघडतानाच डॉ बंद पडतो. कुठला प्लगइन ते कसं शोधायचं?

रीपरच्या प्रोजेक्ट उघडायच्या खिडकीत इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडायची एक चौकट असते. ती टिचकी मारून उघडा, मग एकेक इफेक्ट ऑनलाइन आणा. ज्याने मारलं तो सापडला. बहुधा शेवटी अपडेट केलेलाच असतो.

नवी आवृत्ती टाकली तरी डॉ जुनाच आकडा दाखवतो.

मशीनवर दोन प्रती आहेत, पैजेवर सांगतो. विंडोजवर व्हीएसटी३ ची जागा ठरलेली आहे: प्रोग्राम फाइल्स, आत कॉमन फाइल्स, आत व्हीएसटी३. व्हीएसटी२ ला असं हक्काचं घर कधीच नव्हतं. एका इन्स्टॉलरने ती प्रोग्राम फाइल्समधल्या 'व्हीएसटी प्लगइन्स'मध्ये टाकली, दुसऱ्याने 'स्टाइनबर्ग' फोल्डरच्या आत, तिसऱ्याने तुम्ही २०१४ मध्ये डी ड्राइव्हवर केलेल्या फोल्डरात. नवी आली एका घरात, जुनी राहिली दुसऱ्यात, आणि डॉच्या हाताला आधी जुनी लागली. फाइलच्या नावाने सगळ्या ड्राइव्हवर शोध घ्या, तारखा बघा. जुनी फाइल पुसू नका, डॉ बघत नाही अशा फोल्डरात हलवा.

मॅकवरही दोन लायब्ररी असतात, एक सगळ्या मशीनची आणि एक तुमच्या खात्याची. दोन्हीत 'ऑडिओ', मग 'प्लग-इन्स', मग 'कंपोनंट्स' बघा.

एकच प्रत असूनही जुना आकडा दिसला, तर डॉची साठवलेली यादी शिळी आहे. रीपरमध्ये कॅश पुसून पुन्हा स्कॅन, एफएल स्टुडिओत आधी तपासलेले प्लगइनही पुन्हा तपासा, लॉजिकमध्ये प्लग-इन मॅनेजरमधून रीसेट करून रीस्कॅन.

३२ बिटचा एक जुना सिंथ आहे, तो सोडवत नाही.

समजू शकतो. पण त्याचे दिवस भरलेत. प्रो टूल्स ११ आणि लॉजिक प्रो एक्स यांनी २०१३ मध्येच ३२ बिटचे प्लगइन सोडले, क्युबेसने २०१६ च्या नवव्या आवृत्तीत, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२ बिटचं काहीच चालत नाही. विंडोजवर रीपर आपल्या आतल्या पुलावरून ते अजून चालवतो. इतर डॉसाठी जेब्रिज नावाचा असाच पूल आहे.

पुलावरून एकदाच जा. सिंथ उघडा, सूर ऑडिओत उतरवा, मिडी (कुठला स्वर कधी वाजला याची नोंद) शेजारी ठेवा. आवडते आवाज असतील तर स्वर एकेक करून सॅम्पल करून घ्या.

अपडेटनंतर ऑटोमेशन भलत्याच बटणाला लागलंय. फिल्टर हलायचा तर रिव्हर्ब वाढतोय!

ऑटोमेशन म्हणजे गाणं वाजताना बटणं आपोआप हलवणारी नोंद. व्हीएसटी२ मध्ये डॉ बटणं रांगेतल्या नंबराने ओळखतो. बनवणाऱ्याने नव्या आवृत्तीत रांगेच्या मध्ये एक बटण घुसवलं, की मागचे सगळे एकेक पाऊल सरकतात. थिएटरात रांगेमध्ये एक खुर्ची वाढवावी आणि पुढच्या सगळ्यांच्या तिकिटांचा घोळ व्हावा, तसं. व्हीएसटी३ मध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे हा रोग पुष्कळ कमी. एयूमध्ये लॉजिक आणि गॅरेजबँड बटणांची रांग आपल्या पद्धतीने लावतात, म्हणूनच प्लगइन लिहिणारे जे ज्यूस नावाचं साधन वापरतात, त्याच्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक बटणासोबत 'हे कितव्या आवृत्तीत आलं' हा आकडा द्यायची सोय आली. तुमच्याआमच्यासारख्यांनी एवढंच करायचं: जुन्या आवृत्तीवर परत जाऊन तो ट्रॅक ऑडिओत उतरवायचा.

संगीत संयोजकाकडे नवी आवृत्ती, माझ्याकडे जुनी. फाइलची देवाणघेवाण कशी करू?

जुनं नव्यात जातं, नवं जुन्यात येत नाही. काँटॅक्टच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं वाद्य जुन्या काँटॅक्टमध्ये उघडत नाही, संपला विषय. "तू जरा जुन्यात सेव्ह करून पाठव" हा निरोप पाठवायचे कष्ट घेऊ नका.

ऑडिओ मागवा. प्रत्येक ट्रॅक दोनदा, एकदा इफेक्टसह, एकदा कोरा. सगळे एकाच जागेपासून सुरू झालेले, बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सोबत मिडी आणि टेम्पो लिहिलेला. मेलोडाइनने सूर दुरुस्त केले असतील तर ते पाठवण्याआधी ऑडिओत पक्के करा. न्यू जर्सीतला भाचा लग्नाच्या गाण्याचा गळा पाठवतो, त्यालाही मी हेच सांगतो. पहिल्यांदा तो अख्खं प्रोजेक्ट पाठवायचा आणि माझ्या पडद्यावर सतरा प्लगइन गायब दिसायचे.

जुने प्रीसेट नव्यात चालतील?

बहुतेक वेळा चालतात. सीरम २ पहिल्या सीरमचे प्रीसेट उघडतो. प्रीसेट प्लगइनच्या स्वतःच्या मेनूतून सेव्ह करा. डॉच्या मेनूतून केलेला प्रीसेट प्लगइनच्या ओळखक्रमांकाला बांधलेला असतो, म्हणून क्रमांक बदललेल्या नव्या आवृत्तीत तो दिसतच नाही. काहीच चालेना, तर जुन्याचा स्क्रीनशॉट काढून शेजारी ठेवा आणि बटणं हाताने लावा. मग वजाबाकी करून बघा.

जुन्या आवृत्त्या ठेवायच्या आहेत, पण यादीत गर्दी नको.

झाकून ठेवा. क्युबेस आणि लॉजिकच्या प्लगइन मॅनेजरमधून लपवता येतात. प्रो टूल्समध्ये न वापरायच्या प्लगइनचा वेगळा फोल्डर असतो, तिथे फाइल हलवायची. रीपरच्या इफेक्टच्या खिडकीत मी 'रोजचे' नावाचा फोल्डर केलाय, त्यात चाळीसएक आहेत. बाकीचे माळ्यावर.

वेव्हज कंपनीचे प्लगइन वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरीचा शब्द. त्यांचे ढीगभर प्लगइन एका 'वेव्हशेल' नावाच्या फाइलच्या आडून डॉला दिसतात. जुना म्हणून एक शेल हाताने पुसलात, तर त्याच्या आडचे सगळे एकदम गायब. ती साफसफाई त्यांच्या वेव्हज सेंट्रलमधूनच करा.

नवा मॅक घेतलाय. इंटेलचे जुने प्लगइन चालतील?

आज चालतील, इंटेलची सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालवणाऱ्या रोझेटाच्या भरवशावर. पण अॅपलने जून २०२५ मध्ये सांगितलंय की सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा २ मॅकओएस २७ पर्यंतच. म्हणजे ज्यांची नवी आवृत्ती येणार नाही अशा प्लगइनवरची गाणी आत्ताच ऑडिओत उतरवून घ्या.

फ्रीझ केलं तर पुरेल ना?

फ्रीझ म्हणजे डॉने ट्रॅक तात्पुरता ऑडिओत बदलून ठेवणं. चालू कामाला पुरतं. दहा वर्षांनी नाही. फ्रीझ त्या डॉपुरतं असतं. साधी वेव्ह फाइल कुठेही उघडते.

जागेचा हिशोब करून बघा, वाटतो तेवढा मोठा नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे १७ एमबी. पाच मिनिटांच्या गाण्याचा एक ट्रॅक ८६ एमबी. चाळीस स्टीरिओ ट्रॅक धरले तरी साडेतीन जीबी. मी प्रत्येक गाण्यामागे अंतिम मिक्स, गळ्याशिवायचा मिक्स, स्टेम (वाद्यांच्या गटागटाच्या वेगळ्या ऑडिओ फाइल) आणि कोरे ट्रॅक ठेवतो. गळ्याशिवायचा मिक्स विसरू नका. स्टेजच्या कार्यक्रमासाठी तो हमखास मागतात, आणि मागतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.

फुकटात मिळालेल्या क्रॅक आवृत्तीचं काय?

तिचं अपडेट नाही, परतीची वाट नाही, आत काय घातलंय ते माहीत नाही. मला त्यासाठी फोन करू नका. रीपरसोबत येणारे इफेक्ट घेऊन कितीतरी गाणी झाली आहेत.

तुमच्याकडे एक जुनं मशीन आहे म्हणे?

आहे. विंडोज ७, इंटरनेट तोडलेलं, २०१५ नंतर एकही अपडेट नाही. मागच्या वर्षी एका लोककलेच्या पथकाला २०११ मधली लावणी पुन्हा मिक्स करून हवी होती, तेव्हा माळ्यावरून खाली काढलं. सुरू व्हायला चार मिनिटं लागली, पंख्याने रिक्षासारखा आवाज केला, पण सेशन उघडलं आणि ढोलकीवरचा तो जुना इक्यू जिथल्या तिथे होता. डोंगल यूएसबीच्या खाचेत सैल बसतो, म्हणून त्याला चिकटपट्टी लावलीय. ती काढू नका म्हणून वर मार्करने लिहिलंय.